सिरसाळ्यात अणुभट्टी तापली

सिरसाळ्यात वडिलांच्या कापडाच्या दुकानावर रुद्राणीचा कॉम्प्युटर क्लास होता. एकच कॉम्प्युटर, तोही भारी नाजूक. नव्व्याण्णव साली पुण्याच्या एका संस्थेनं तिला सीडी दिली. तीत अख्खं अणुवीज केंद्र होतं. पडद्यावर त्यात हिंडायचं, बिघाड झाला की आपणच उपाय शोधायचा. अट एकच : बाईंनी उत्तर सांगायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचे. रुद्राणीला हे उपाशी बसण्याहून अवघड होतं.

बाजाराच्या दिवशी कॉम्प्युटरचा आवाज नीट यावा म्हणून वर्गातल्या आश्रुबा मंडपवाल्यानं भोंगा आणून त्याला जोडला आणि खिडकीत बांधला, तोंड बाहेर करून. पडद्यावरची भट्टी तापली. ती थंड करायला कोणता पंप लावायचा यावरून वर्गातले दोघं, ग्रामपंचायतीच्या भिवराबाई आणि शहादेव मुकादम, हमरीतुमरीवर आले. इकडे भोंगा बोंबलत होता, "धोका! धोका! अणुभट्टी तापली आहे!"

रुद्राणीचे वडील कल्याणराव मीटरपट्टी घेऊनच वर धावले. "रुद्रे, काय पेटलं?"

"भट्टी, अप्पा. कॉम्प्युटरातली."

तोवर बाजार माळावर पळाला होता. रुद्राणी वर्गासकट मागं धावली.

"बाई, आता काय करायचं?" सगळे ओरडले.

'काही झालेलं नाही, घरी जा,' असं सांगायला तिनं तोंड उघडलं. पण पुण्याची अट आठवली आणि तोंडून निघालं, "वारं कुठं चाललंय?"

आश्रुबानं माती उधळली. "आरं, आपण वाऱ्यासंगंच पळालो की!"

"मग काय करायला पाहिजे होतं?"

"घरात शिरून दारं-खिडक्या लावायच्या," भिवराबाई म्हणाल्या.

"बरोबर!" रुद्राणीला राहवलंच नाही.

तेवढंच ऐकून माणसं गावाकडं सुटली. दारं धडाधड लागली. भर बाजारात मेथीच्या जुड्यांवर शेळ्या तुटून पडल्या. भोंग्यावरून सांगावं, तर वीज गेलेली. रुद्राणी दारोदार हिंडली. दुसरं कुणी सोडा, बापानंही शटर उघडलं नाही.

"अप्पा, मी हाय. सगळं खोटं होतं."

"तू कावून सांगतीस? भोंग्यानं सांगू दे."

दिवेलागणीला वीज आली. रुद्राणीनं भोंग्यावर घोषणा केली, "धोका टळला हो!" शटर वीतभर वर झालं. फटीतून कल्याणरावांचा हात बाहेर आला, हवेत फिरला, आत गेला. ते हात हुंगत असावेत. मग आतून आवाज आला, "वर्गात माझं बी नाव घाल. पंपाचं मला कळतं."