हिरामण तांडेलाचा नळ

हिरामण तांडेलाला समुद्र कळत होता, यात वाद नाही. राजपुरीच्या खाडीकाठच्या त्या कोळीवाड्यात जाळी कुठे टाकायची आणि पाण्याची ओढ कधी फिरणार हे त्याने सांगावं आणि बाकीच्यांनी निमूट मचवे सोडावेत, अशी रीतच पडली होती. पण स्वतःच्या घरामागे पाणी कुठवर चढतं, हे काही त्या शहाण्याला ठाऊक नव्हतं. बायकोसाठी त्याने जो संडास बांधायला घेतला, त्याचं वाटोळं तिथेच झालं.

सन तीसच्या आगेमागेची ही गोष्ट. कोळीवाड्यात संडास ही चीजच नव्हती. पुरुष खडपाच्या, म्हणजे काठच्या खडकाळ पट्ट्याच्या, अलीकडे आणि बायका पलीकडे, उजाडायच्या आत. भरतीचं पाणी येऊन सगळं घेऊन जायचं, आणि त्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती.

केसर, म्हणजे हिरामणची बायको, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन मुरुडचा बाजार गाठणारी. चालणं झपाट्याचं आणि जीभ त्याहून. गिऱ्हाइकाने मासा उलटापालटा केला तर दोन्ही बाजूंनी त्याचा उद्धार व्हायचा. अशी बाई एके दिवशी मचव्यावरून उतरताना फळी सरकून खडकावर आदळली. हाड बसवणाऱ्याने पाला बांधला, तेल चोळलं, आणि हाड जुळलं ते वाकडं. काठी टेकत घरातल्या घरात चालता येऊ लागलं, पण उकिडवं बसणं कायमचं गेलं.

पोरबाळ नव्हतं. धाकट्या दिराची, शिवदासची बायको भागुबाई तिला पहाटे हाताला धरून खडपाकडे न्यायची आणि दोन दगडांमध्ये टेकवायची. पहिले काही दिवस तिने हे मायेने केलं, पुढे रीत म्हणून, आणि मग उसासे टाकत. तिला तरी किती नावं ठेवणार? तिचं घर होतं, तिची पोरं होती. एका पहाटे ती केसरला टेकवून "आलेच" म्हणून गेली. मचवे मासळी घेऊन लागल्याची हाक आली होती, आणि त्या गडबडीत जाऊ डोक्यातून निघून गेली. केसरला एकटीने उठता येईना. बघता बघता उजाडलं. पुरुष त्याच वाटेने खाली येऊ लागले. काहींनी तोंड फिरवलं, काहींनी फिरवलं नाही.

घरी आणल्यावर केसर कुणाला एक शब्द बोलली नाही. अंगणात बसून तांब्या तांब्या पाणी घेऊन पाय धूत राहिली. बाजारात भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या त्या बाईचं गप्प बसणं हिरामणला सोसवेना. त्याच दिवशी त्याने ठरवलं, की केसरला पुन्हा खडपावर जावं लागणार नाही.

तरुणपणी तो आगबोटीवर खलाशी होता. साहेबांच्या बैठ्या संडासाची रचना त्याने पाहिली होती. तशी लाकडी पेटी करायची, वर बसायला भोक, खाली मातीचा नळ, आणि नळाचं दुसरं टोक खाडीत. वर दोन बादल्या पाणी ओतलं की काम झालं. यात अवघड ते काय, असं त्याला वाटलं. सगळ्यांना सुरुवातीला असंच वाटतं.

घरामागच्या पडवीची भिंत घालायला त्याने दयाराम गवंड्याला बोलावलं. भिंत गुडघाभर आली तेव्हा दयारामने विचारलं, इथे काय ठेवणार? हिरामणने सांगून टाकलं. दयारामने थापी धुतली, फडक्यात गुंडाळली.

"भिंत सांग, चूल सांग, बांधून देतू," तो म्हणाला. "ह्या कामाला माजा हात न्हाय लागनार. उद्या मना कोन दारात उभा करील?"

मुरुडात मैल्याची टोपली उचलणारी माणसं होती. पण त्यांना कोळीवाड्याच्या हद्दीत पाऊल टाकू देईल असा कुणी नव्हता. राहिला हिरामण.

भांग लागला की तो कामाला लागायचा. भांग म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपासचे दिवस. तेव्हा पाण्याला ओढ नसते, भरती अर्ध्यावरच थांबते, आणि डोलीच्या, म्हणजे ओढीवर फुगणाऱ्या जाळ्यात काही येत नाही म्हणून मचवे काठाला पडून असतात. त्या दिवसांत त्याने नळ पुरले. सांधे चुन्याने भरून धरेनात, तेव्हा मचव्याच्या फटी भरतात तसा कापूस ठासून वर राळ ओतली. बोटं भाजली, पण सांधे धरले. भरतीची रेघ बघून त्याने शेवटचा नळ तिच्यापेक्षा हातभर उंच ठेवला. मोठ्या अभिमानाने केसरला काठीसकट नेऊन पेटीवर बसवलं आणि दार लावून स्वतः बाहेर उभा राहिला. केसर बाहेर आली ती हसत. पडल्यानंतर ती पहिल्यांदा हसली.

आठवड्याने उधाण आलं, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती. उधाणाच्या दिवसांत मचवे समुद्रात असतात, कारण डोल चालते ती तेव्हाच. हिरामण वयाच्या बाराव्या वर्षापासून प्रत्येक उधाणाला समुद्रात होता. खाडीचं तोंड, बाहेरचे खडक, सगळीकडे पाणी किती येतं हे त्याला झोपेत सांगता आलं असतं. घरामागची रेघ मात्र त्याने जन्मभर भांगातलीच पाहिली होती. पौर्णिमेच्या भर दुपारी पाणी नळाचं तोंड ओलांडून वर चढलं आणि पेटीतून जे जे खाली गेलं होतं ते सगळं घेऊन पडवीत आलं.

तो परतला तेव्हा केसर उंबऱ्यात फतकल मारून एका हाताने राख पसरत होती. अंगणाबाहेर पोरंटोरं नाक धरून उभी होती.

"पानी पार माडाच्या बुंध्याला लागतं उधानाचं," ती म्हणाली. "बायकांना सगल्यांना म्हाईत हाय. मना इचारलं असतं तर सांगितलं असतं."

त्याने नळ उकरून वर घेतला. मग उतार गेला आणि नळ तुंबला. बांबूने ढोसलं तर सांधा फुटला. सांधा भरला तर पुढचा नळ तडकला. एक दुरुस्त करावं तर दुसरं बिघडायचं, आणि प्रत्येक वेळी हात घालायचा तो त्याच घाणीत. तो चिडायचा, नळाला आईबहिणीवरून शिव्या द्यायचा, बादली लाथाडायचा, मग स्वतःच ती उचलून आणायचा. आतून केसर सगळं ऐकायची. ती शिवी आपल्यालाच लागते असं तिला वाटायचं, हे त्याच्या ध्यानात कधी आलं नाही.

शेवटी त्याला खारभूमीच्या बांधावरची उघाडी आठवली. बांधाच्या मोरीला बाहेरून लाकडी झडप असते. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं आणि भरती आली की समुद्रच ती दाबून बंद करतो. तशी लहान झडप त्याने सागाच्या फळीची केली आणि चामड्याच्या पट्टीवर टांगली. पहिल्या उधाणाला थेंब मागे आला नाही. दुसऱ्या उधाणाला झडपेच्या फटीत चिंधी आणि घाण अडकून ती अर्धी उघडी राहिली. मचवा सुटायच्या आधी हिरामण दंडापर्यंत हात घालून ती मोकळी करत होता तेव्हा त्याच्याच मचव्याचे खलाशी काठावरून चालले होते.

त्या दिवशी मचव्यावर भात शिजला. पहिला वाटा तांडेलाने आपल्या हाताने वाढायचा, ही तिथली रीत. हिरामणने वाढला. कुणी जेवलं नाही. सगळ्यांची पानं तशीच समुद्रात गेली, आणि पुढचे दोन दिवस माणसं सुक्या भाकरीवर राहिली. हिरामणने त्यांच्याबरोबर वीस पावसाळे काढले होते. वादळात त्यांना काठाला आणलं होतं तेही याच हाताने.

परतल्यावर इठोबा पाटील घरी आला. बरोबर शिवदास होता, मान खाली घालून.

"नल बुजव असा मी सांगत न्हाय," पाटील म्हणाला. "वयनीची अडचन आमाला दिसतंय. पन तुजा हात त्यात जाल तर त्या उधानाला तू मचव्यावर न्हाय. पोरा ऐकनार न्हायत."

"दादा, मी बोललू त्यांना," शिवदास म्हणाला. "कोन ऐकत न्हाय."

"हात न्हाय जानार," हिरामण म्हणाला. "झडप अशी करतू का हात लावाची पालीच येनार न्हाय."

दाराआड काठी टेकून केसर उभी होती. तिने सगळं ऐकलं.

हिरामण ईर्ष्येला पेटला. फळी तासून पातळ केली, कडेला चामडं ठोकलं, चामड्याला माशाचं तेल पाजलं. पुढचं उधाण गेलं. त्याने येऊन पाहिलं तर झडप स्वच्छ. त्याच्या पुढचं गेलं, तरी स्वच्छ. मचव्यावर पुन्हा त्याच्या हातचा भात खाल्ला जाऊ लागला. शिवदासजवळ तो बढाई मारू लागला, की आगबोटीच्या साहेबालासुद्धा असली झडप जमायची नाही.

केसरने त्याच सुमारास उपास धरले. एकादशी, मग द्वादशी, मग चतुर्दशी, पौर्णिमा. वाड्यातल्या बायका म्हणाल्या, दुखण्याने बाई देवाकडे वळली. भागुबाईला तर खडपावरच्या त्या पहाटेपासून मन खात होतंच. ती येऊन हिच्या पाया पडून गेली. केसर वाळत चालली. हिरामणने वैदूकडून भूक लागायचा काढा आणला. तिने तो निमूट घेतला, पण एक घोटच. पाण्याचा तांब्या तिच्या उशाशी भरलेला असायचा आणि संध्याकाळी भरलेलाच उचलला जायचा.

एका उधाणाला शीड फाटलं म्हणून मचवा लवकर फिरला. त्या दिवशी वद्य द्वितीया होती. हिरामण घरात शिरला तर चूल थंड.

"आज कसला उपास?" त्याने विचारलं.

"देवाचा," केसर म्हणाली.

तो हातपाय धुवायला मागे गेला आणि तिथेच उभा राहिला. द्वितीयेला कोणत्या देवाचा उपास असतो? एकादशीला धरायचा आणि तृतीयेला सोडायचा, महिन्यातून दोनदा, शुद्धातही आणि वद्यातही. हा हिशोब कुठल्या भटाचा नव्हता. तो तांडेलाचा होता, उधाण लागल्यापासून उतरेपर्यंतचा. त्याने वाकून झडप उचलली. नळ आतून कोरडा होता, आत कोळिष्टक धरावं इतका कोरडा. झडप स्वच्छ होती ती त्याच्या कारागिरीने नव्हे. उधाणभर तिच्यातून काही गेलंच नव्हतं.

असला राग त्याला आयुष्यात आला नव्हता, आणि तो काढायचा कुणावर हे त्याला कळेना. दयारामवर, खलाशांवर, पाटलावर, की स्वतःच्या त्या बढाईवर? तो आत गेला. केसरच्या पुढ्यात बसला. तिला ओरडायचं म्हणून बसला होता, पण तिच्या मनगटाचं हाड पाहून ओरडणं राहून गेलं.

"मना का न्हाय सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? तुमी परत हात घातला असता."

पुढच्या अमावास्येला शिवदास बोलवायला आला. हिरामणने त्याला दारातूनच सांगितलं, की या उधाणाला मी येत नाही, पाटलाला कळव, माझा हात नळात जाणार आहे. मग त्याने स्वतः चूल पेटवली. भात घातला, बोंबलाचं कालवण केलं, ताट वाढून केसरसमोर ठेवलं आणि तांब्या भरून शेजारी ठेवला.

"जेव."

केसरने ताटाकडे बघितलं. तिला भूक होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"आज तीथ कोनती?" तिने विचारलं.

"नवमी," हिरामण म्हणाला. तिथीच्या बाबतीत तो जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला.

दुपार भरत आली होती. घरामागे उधाणाचं पाणी चढत माडापर्यंत पोचलं होतं आणि त्याचा आवाज दोघांनाही येत होता. केसरने एक घास घेतला, सावकाश चावला, गिळला. मग ताट त्याच्या बाजूला सरकवलं.

"तुमी जेवा दोन घास आनि निंगा," ती म्हणाली. "मचवा आजून सुटला नसंल."