शेजारच्या पंखावर नजर

देवावर सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला कधी कुणी धड सांगितलंच नव्हतं. २००४ च्या हिवाळ्यात, आम्ही अमेरिकेत श्रूजबरीला असताना, आमची मुलगी अकरा आठवडे आधी जन्मली. नागपूरहून आई रोज फोनवर म्हणायची, "त्याच्यावर सोड गं." मी चिडायचे. "सोड म्हणजे काय करू, आई? हातावर हात धरून बसू?" ऑफिसात दिवसभर सर्व्हर मॉनिटर करणं हेच माझं काम. आकडा डोळ्यांसमोर असला की माझ्या जिवाला बरं वाटतं.

हॉस्पिटलातही मी तेच सुरू केलं. काचेच्या पेटीत मूठभर जीव, आणि मी बाजूच्या स्क्रीनला डोळे लावून बसलेली. ठोके, श्वास, ऑक्सिजन, दर दहा मिनिटांनी वहीत लिहायचं. नवरा म्हणाला, "अगं, पोरीकडे बघ की जरा!" मी त्याच्यावर खेकसले. खरं सांगते, तिच्याकडे बघायची मला भीती वाटायची. देवाशी तर अबोलाच धरला होता.

मंगळवारी दुपारी तिथे ऐंशी ओलांडलेले एक आजोबा व्हॉलंटियर म्हणून यायचे. डुलत्या खुर्चीत बसून कुणाच्या तरी बाळाला छातीशी धरायचे. एकदा माझी वही बघून म्हणाले, "दुसऱ्या महायुद्धात मी बॉम्बर विमान चालवायचो." मनात म्हटलं, झालं, आता ऐका गोष्ट! पण ऐकली. इंग्लंडच्या ढगाळ सकाळी विमानं अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने उडायची. ढगात काही दिसायचं नाही. ठरलेल्या दिशेने, ठरलेल्या वेगाने चढत राहायचं आणि मागचापुढचाही तसंच करतोय असा भरवसा धरायचा. ढगांवर आलं की लांबून ओळखू यावं म्हणून चट्ट्यापट्ट्यांनी रंगवलेलं एक विमान खुणेचे रंगीत बाण सोडत घिरट्या घालत असायचं. त्याच्यापाशी जमून एकेकाने आपापली जागा धरायची, आणि मग तासन्‌तास पंखाजवळ पंख ठेवून उडायचं.

"धडकायचं नाही?" मी विचारलं.

"चालवणाऱ्याने शेजारच्या पंखावरून नजर काढायची नाही. इंजिनच्या काट्यांकडे बघायला बाजूला दुसरा पायलट असतो. वाट शोधणं पुढच्या विमानाचं काम. इथे काट्यांकडे बघायला नर्स आहे ना? तू तुझ्या मुलीकडे बघ."

रागच आला मला. आगंतुक सल्ला कुणाला हवा असतो? पण ते गेल्यावर वही मिटली, खुर्ची वळवून स्क्रीनकडे पाठ केली आणि तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. कानाची पाळी थेट सासूबाईंची. कधी ओठांवर रामनाम आलं, कळलंच नाही.

दोन दिवसांनी तिचं पोट मला जरा टम्म वाटलं, रंगही मातकट. नर्स म्हणाली, "आकडे तर छान आहेत." तरी तिने पोटाला हात लावून पाहिला आणि लगेच डॉक्टरांना बोलावलं. आतड्यांना संसर्ग सुरू झाला होता. वेळेवर कळलं, असं डॉक्टर म्हणाले. पुढचे नऊ दिवस ती नुसत्या सलाइनवर होती आणि मी तिच्या चेहऱ्यासमोर नाम घेत होते. दहाव्या दिवशी तिला दूध पचलं तेव्हा मी भिंतीला टेकून ढसाढसा रडले. सोडणं म्हणजे हात झटकणं नव्हे, एवढं मला उमगलं. आपल्या वाट्याला आलेलं बघणं आपण करायचं, बाकीचं ज्याचं त्याला करू द्यायचं.

त्यानंतरच्या मंगळवारी मी आजोबांना सगळं सांगितलं आणि सगळ्यांदेखत वाकून नमस्कार केला. बिचारे गोंधळून गेले. "तुमच्यामुळे वाचली ती," मी म्हटलं.

ते डुलत्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, "एका सकाळी इंजिनचा काटा थरथरला म्हणून मी खाली बघितलं. दोन सेकंद. वर बघेपर्यंत आमचा पंख शेजारच्या विमानाला लागला होता. आम्ही कसेबसे परत आलो. त्या विमानातले दहा जण आले नाहीत. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही."

नर्सला विचारून मी मुलीला त्यांच्या हातांत दिलं. देव माझ्या एकटीसाठी धावून आला, असं मी इतके दिवस धरून चालले होते. साठ वर्षं आणखी कुणीतरी त्याची वाट बघत होतं. आजोबांचे डोळे वाहत होते, पण तिच्यावरची नजर काही त्यांनी काढली नाही.