पिंगळा हलत का नव्हता?

सोमवारी सकाळी जळगावात माझ्या स्टुडिओत चहा पीत बसलो होतो आणि पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर विलासचे फोटो आले. एक पिंगळा... म्हणजे ते छोटं, गोल डोळ्यांचं घुबड. निंबाच्या फांदीवर ऐटीत बसलेलं, मागे केळीच्या बागेचा धूसर हिरवा रंग. कॅलेंडरवर छापावं असं!

ग्रुपवर वाहवा सुरू झाली. माझ्या मात्र मनात शंकेची पाल चुकचुकली... थोडं पोटातही दुखलं, खोटं कशाला बोलू.

काय आहे, माझा धंदा लग्नाच्या अल्बमचा. न आलेले मामा मी स्टेजवर उभे केलेत, नवरीचे मिटलेले डोळे उघडलेत. त्यामुळे कुणाचाही सुंदर फोटो दिसला की मी आधी तो मोठा करून कडा तपासतो. बायको म्हणते, तुमचा देवाच्या फोटोवरही विश्वास बसायचा नाही.

विलास चोपडा गावी शाळेत शिकवतो. दर रविवारी आम्ही दोघं मिळून पक्षी शोधत फिरतो. या रविवारी मात्र गडी मला न सांगता एकटाच गेला होता... हेही खटकलंच.

तीन फोटो होते. सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा. एकावर एक ठेवून पाहिले... ऊन बदललं, सावल्या फिरल्या, पण पिंगळ्याचे पाय फांदीच्या त्याच गाठीवर!

पिंगळा दिवसा एका जागी बसतो, मान्य. पण माणूस जवळ आला की डोकं वरखाली करतो, मग भुर्रकन ढोलीत जातो. इथे तर दुपारचा फोटो इतक्या जवळून होता की पिसं मोजावीत. म्हणजे एकतर पक्षी चिकटवलेला, नाहीतर बांधलेला. फोटोसाठी पाखरू बांधणारे लोक आहेत हो जगात... विलास त्यातला निघेल असं वाटलं नव्हतं, एवढंच.

त्याला मेसेज टाकला, मूळ फाइल पाठव. लगेच फोन. "संशय घेतोस का माझ्यावर?" मी म्हटलं, "हो." त्याने फोन ठेवून दिला.

थोड्या वेळाने फाइल आली. उघडली, अंधारा भाग उजळला... आणि डाव्या पायापाशी एक बारीक, चकाकती रेघ. ग्रुपवरच्या फोटोत ती नव्हती. पुसलेली होती! त्या क्षणी मला चक्क आनंद झाला... चोर सापडल्याचा.

फोन लावला. "दोरा कसला रे हा?" तो गडबडला. "मला वाटलं कोळ्याचं जाळं आहे... म्हणून काढलं मी ते." मग हळूच म्हणाला, "म्हणजे ते पाखरू अजून तिथंच असेल?" शेत कुठलं ते विचारून घेतलं आणि म्हटलं, "मी निघालो."

गाडी दामटली. डोक्यात एकच... हा आधी पोचणार, दोरा काढून पुरावा नाहीसा करणार. आणि खरंच, तो शाळेतून निघून माझ्या आधी पोचला होता. कुणाची तरी शिडी घेऊन!

पण झाडाखाली शेताचे मालक आबा काठी घेऊन उभे. विलासला त्यांनी वर चढूच दिलं नव्हतं. मला पाहिल्यावर तर त्यांचा आवाजच चढला. "घुबड धराले उनात ना? अमावस्याले काय धंदा चालस तुमना, माले बठ्ठं माहीत शे!" अमावस्येच्या करणीसाठी आम्ही घुबड धरायला आलोय, असं वाटलं त्यांना. मी विलासवर नजर ठेवून, आबा आमच्या दोघांवर... छान मेळ जमला होता.

शेवटी मी फोटो काढून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मोठा करून आबांना दाखवला. तेव्हाच मीही नीट पाहिलं. नायलॉनचा मांजा. संक्रांतीचा कुठला तरी कापलेला पतंग फांदीत अडकला होता आणि त्याच्या मांजाचा फास पिंगळ्याच्या पायाला बसला होता. कुणीही बांधलेलं नव्हतं. ओढून ओढून पाय सोलवटला होता.

"अरे देवा... जित्तं शे ना?" आबा म्हणाले, आणि काठी टाकून त्यांनीच शिडी धरली.

विलास चढला. पिंगळ्यावर रुमाल टाकला, ब्लेडने मांजा कापला. पिंगळा त्याच्या बोटाला कडकडून चावला, रक्त आलं, पण त्याने पकड सोडली नाही. रुमाल उघडल्यावर पिंगळा जरा तिरकाच उडाला... पण उडाला, आणि ढोलीत शिरला. उडतानाचा फोटो आम्ही दोघांनीही काढला नाही.

परतताना विलास बोट दाबून धरत म्हणाला, "तू काही पाखरासाठी आला नव्हतास." मी म्हटलं, "नाही. तुला पकडायला आलो होतो."

आता ग्रुपवर दोघा-तिघांनी लिहिलंय की माझ्या बारीक नजरेमुळे पिंगळा वाचला. तसं नाही हो. माझा संशय तर मेसेज टाकून मोकळा झाला होता. एवढा अपमान झाल्यावर विलासने ती फाइल डिलीट केली असती, तर मी त्याला खोटा ठरवून आरामात चहा पीत बसलो असतो... आणि पिंगळा तिथेच मेला असता. त्याने चिडूनसुद्धा फाइल जशीच्या तशी पाठवली.

थँक यू, विलास. हे तुला एकट्याला लिहिणार होतो... पण श्रेय मला सगळ्यांसमोर मिळालं, म्हणून हेही सगळ्यांसमोरच लिहितोय.