जमादारांचे एकशे त्रेचाळीस अर्ज

बहात्तर सालचा मार्च महिना. पालिकेची सर्वसाधारण सभा, विषय नववा: नगर रस्त्यावरील पालिकेच्या मालकीच्या, विकास योजनेत बागेसाठी राखलेल्या जागेचे आरक्षण बदलून तेथे अग्निशमन केंद्र बांधणे. अंदाजे खर्च अठ्ठेचाळीस हजार रुपये. हजर: अध्यक्ष, सोळा सभासद, मुख्याधिकारी, ओव्हरसियर आणि इतिवृत्त लिहायला मी, बांधकाम शाखेचा कारकून. दाराबाहेर, बोलावले तर आत यायचे म्हणून, आगीच्या बंबाचे जमादार उभे होते. अध्यक्षांनी त्यांना आत घेतले आणि विचारले, "जमादार, आत्ताच्या बंबखान्यापासून ही जागा किती लांब?"

"सोमवारी सहा मिन्टं, साहेब. मंगळवारी चोवीस."

सभा हसली. अध्यक्ष म्हणाले, "अहो, फर्लांग सांगा फर्लांग."

"फर्लांग घेऊन मी काय करू, साहेब? आग काय फर्लांग मोजत थांबत न्हाई."

जमादारांच्या डोक्यात गावाचा नकाशा होता तो सगळा मिनिटांचा. कोणी लग्नाची पत्रिका दिली, तर मुहूर्त नंतर, आधी मांडव कुठे पडणार ते विचारत आणि मनाशी मोजून म्हणत, "आठ. बरं हाय." माझ्या घराचा आकडा त्यांनी पहिल्या भेटीतच सांगितला होता: साडेनऊ, बाजाराच्या दिवशी एकवीस. मी तो घरी सांगितला तेव्हा बायको म्हणाली, "असलं अभद्र बोलणारा माणूस घरी आणू नका." मी आणला. त्यांनी उभ्याउभ्याच चहा घेतला, आमचा स्टोव्ह उलटसुलट करून पाहिला, वायसर बदलायला सांगितला आणि पुढच्या आठवड्यात वायसर स्वतःच घेऊन आले. बायकोने मग त्यांना कधी अभद्र म्हटले नाही.

ते मूळचे भिंगारचे. लष्कराच्या गाड्यांवर सोळा वर्षे काढून आमच्या गावी, नगरपासून बावीस मैलांवर, बंबावर आले. बंबखाना भाजीबाजाराच्या मागच्या बोळात होता. बोळाची रुंदी अकरा फूट, बंबाची साडेसात. मंगळवारी आठवडे बाजार भरला की बोळाच्या दोन्ही अंगांना भाजीवाल्या बसत आणि मधल्या जागेत बैलगाड्या सुटत. बाहेरून आलेला बंब जमादार बोळात नेहमी मागे मागे घेत नेत, म्हणजे तोंड बाहेर राहावे. "पुढं तर बैल बी गाडी नेतो," ते म्हणत. "मागं घेतो त्यो डायव्हर."

सकाळी आल्या आल्या बंबाच्या टाकीत वेळूची काठी बुडवून ते पाणी पाहत. पाचशे गॅलन म्हणजे काठीवरची चौथी खूण. त्या साली पाऊस पडला नाही आणि गावात टँकर सुरू झाले, तरी चौथी खूण ओलीच असे. बायका हंडे घेऊन बंबखान्याशी येत. "चाचा, एकच हंडा. लेकराला हाय." जमादार मान खाली घालून सांगत, "बाई, ह्ये पानी माझं असतं तर दिलं असतं. ज्याचं घर पेटंल त्याचं हाय ह्ये." त्यांची स्वतःची बायको टँकरच्या रांगेत उभी असायची. मी तिला तिथे पाहिले आहे, एकदा नव्हे, अनेकदा.

आता त्या अर्जांचे सांगतो. ठराव मंजूर झाला. कायद्याप्रमाणे जाहीर नोटीस निघाली, की ज्यांना हरकती व सूचना द्यायच्या असतील त्यांनी एक महिन्यात लेखी द्याव्यात. पहिल्या आठवड्यात एक हरकत आली. शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी होते, त्यांची. ती द्यायला ते स्वतः आले आणि म्हणाले, "मी चाळीस वर्षं पोरांना फळ्यावर झाडं काढून दाखवली. एक बाग होणार होती, तिथे तुम्ही बंब उभा करणार." त्यात खोटे काही नव्हते. त्या जागेवर तेव्हा चार बाभळी होत्या आणि बागेला घालायला गावात पाणी नव्हते, एवढेच.

हरकत आल्याचे कळताच जमादार माझ्या टेबलाशी आले. "भाऊसाहेब, आपल्या बाजूनं बी लोकांनी लिवलं तर?"

"चालेल की. नोटिशीत सूचना असाही शब्द आहे."

"समद्यांचा मिळून एक अर्ज आनू, का येगयेगळे?"

मी आकड्यांचा माणूस. मी म्हणालो, "वेगवेगळे आणा. शंभर सह्यांचा एक अर्ज म्हणजे एक नोंद. शंभर अर्ज म्हणजे शंभर नोंदी." हे वाक्य माझे आहे. त्याला दुसरा कोणी जबाबदार नाही.

बावीस दिवस, ड्यूटी सुटली की, जमादार दारोदार फिरले. ज्याला लिहिता येत नव्हते त्याचे दुसऱ्याकडून लिहून घेऊन अंगठा घेतला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधून त्यांनी अर्ज आणले. मी दोनदा मोजले. एकशे त्रेचाळीस. गुरुजींचा क्रमांक एक होता, म्हणून यांचे दोन ते एकशे चव्वेचाळीस पडले.

"लई झाले का हो?" त्यांनी विचारले.

"लई झाले," मी म्हणालो. त्या दिवशी आम्ही दोघेही खुशीत होतो.

दुसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांनी रजिस्टर उघडले. रजिस्टरचे शीर्षक एकच होते, 'हरकती व सूचना'. बाजूने कोण आणि विरुद्ध कोण असे रकाने नव्हते. ज्याने ज्याने लेखी दिले, त्याला नोटीस काढून सुनावणी द्यायची, असा त्यांनी अर्थ लावला, आणि मलाही त्यात चूक दाखवता आली नाही. सुनावणी गुरुवारी. एका गुरुवारी आठ जण. एकशे चव्वेचाळीस भागिले आठ, अठरा गुरुवार. हा भागाकार मी कागदावर करून जमादारांपुढे ठेवला. त्यांनी कागद हातात घेतला.

"पन ह्ये समदे तर व्हय म्हनालेत."

"हो."

"मग त्यांला बोलावून इचारायचं काय?"

"हेच, की तुम्ही हो म्हणालात का."

मग त्यांनी विचारले, अर्ज मागे घेता येतात का. येतात, मी म्हणालो. ज्याचा त्याने, लेखी. तेव्हा जमादार पुन्हा त्याच दारांना गेले. ज्यांना बावीस दिवस 'द्या' म्हणाले होते, त्यांना आता 'काढून घ्या' म्हणू लागले. पेठेतल्या किराणा दुकानदाराने चारचौघांत विचारले, "काय जमादार, किती मिळाले?" दुसरा म्हणाला, "गुरुजींनी चहा पाजलेला दिसतोय." एक भाजीवाली म्हणाली, "चाचा, आता माजा अंगठा पुसून देऊ व्हय?" ती थट्टेने म्हणाली, पण जमादारांनी ते मला दोनदा सांगितले. सत्त्याण्णव जणांनी मागे घेतले. सत्तेचाळीस राहिले. सहा गुरुवार. अठराचे सहा झाले, म्हणून मी त्यांना धीर द्यायला गेलो, तर ते म्हणाले, "भाऊसाहेब, गावात इतकी वर्सं माझ्यावर कुनी संशय घेतला न्हवता."

सप्टेंबरात फाइल नगरच्या कार्यालयात गेली आणि तिथून मुंबईला, सचिवालयात. इकडे पाऊस नाही म्हणून नोव्हेंबरात नगर रस्त्यावरच्या जकात नाक्याजवळ कडब्याचा डेपो उघडला. आमच्या जागेला लागूनच. घराएवढ्या गंजी. राखणीला ठेकेदाराचा एक माणूस, तो आणि त्याची बायको तिथेच कोपट घालून राहत. जमादारांनी त्या गंजी पाहिल्या आणि पुढच्या मंगळवारपासून, बाजार भरण्याआधीच, कोणाला न विचारता, बंब नेऊन त्या बाभळींखाली उभा करू लागले. संध्याकाळी बाजार उठला की परत आणत. असे नऊ मंगळवार झाले.

मग गुरुजींचा तक्रार अर्ज आला, की आरक्षण अजून बागेचे आहे आणि मंजुरीआधीच पालिका तिथे बंब उभा करते. मुख्याधिकाऱ्यांनी मला नियम पाहायला सांगितला. मी पाहिला. तक्रार बरोबर होती. मेमो मीच टाइप केला: मंजुरी येईपर्यंत सदर जागेचा वापर करू नये. जमादारांनी तो वाचून सही केली.

"ह्ये बरुबर हाय का, भाऊसाहेब?"

"नियमाने बरोबर आहे."

"नियमाचं न्हवतं इचारलं," ते म्हणाले आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

त्याच आठवड्यात मुंबईहून उत्तर आले. मंजुरी नव्हती, विचारणा होती. एकशे चव्वेचाळीस हरकतदारांपैकी सत्त्याण्णव जणांनी हरकती मागे घेतल्याचे दिसते. त्यांच्यावर दबाव आणला होता काय, याचा खुलासा करावा. मी ते पत्र जमादारांना वाचून दाखवले. त्यांनी पुन्हा वाचायला लावले. मग टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाले, "तुमी असं करा. माझं नाव लिवा. दाब मी आनला म्हना. मला घालवा पायजे तर. मग तरी देतील का जागा?"

असे लिहून चालणार नव्हते. मी खुलाशाचा मसुदा करत होतो. तो तीन पानांचा झाला होता आणि अपुरा होता, तेव्हा डेपो पेटला.

फेब्रुवारीतला मंगळवार, सकाळचे अकरा. मी बाजारातच होतो. घंटा ऐकली आणि बोळाच्या तोंडाशी गेलो. बंबाचे तोंड बाहेर होते, तसेच नेहमी असे. त्यापुढे टोपल्या, पाट्या, सुटलेल्या गाड्या. बायका टोपल्या उचलत होत्या, उचलता उचलता सांडत होत्या. एका बैलगाडीचे चाक गटारात अडकले आणि ती आडवी झाली. जमादार खिडकीतून ओरडत होते, "बया हो, सरा! सरा गं माय!" नऊ मिनिटांत बंब वीस हात सरकला. नाक्याच्या बाजूला धूर वर चढलेला सगळ्यांना दिसत होता. तेव्हा जमादारांनी स्टिअरिंग मदतनीसाच्या हाती दिले, दोन बादल्या घेतल्या, खाली उडी मारली आणि पळत सुटले. त्यांचे वय तेव्हा चोपन्न होते.

बंब नाक्यावर पोचला तो घंटेनंतर सव्विसाव्या मिनिटाला. सभेत सांगितले होते त्याहून दोन जास्त. राखणदार दोन शेळ्या सोडवायला गंजींच्या मागे गेला होता. जमादारांनी त्याला उघड्या हातांनी ओढून बाहेर आणले होते. नगरच्या इस्पितळात नेताना तो वाटेत गेला. जमादारांचे दोन्ही तळहात भाजले.

तिसऱ्या दिवशी गुरुजी आले. त्यांनी हरकत मागे घेत असल्याचा अर्ज टेबलावर ठेवला. मी तो अठ्ठ्याण्णवावा म्हणून नोंदवला.

चौकशी झाली ती बंबाला सव्वीस मिनिटे का लागली याची. वेगवेगळे अर्ज आणण्याचा सल्ला माझा होता आणि मेमोही मी टाइप केला, असे मी लेखी दिले. मुख्याधिकारी म्हणाले, चौकशीचा विषय तो नाही. बंब सोडून गेल्याबद्दल जमादारांची एक वेतनवाढ रोखली. आरक्षण बदलून आले, केंद्र झाले, त्याच जागेवर; पण ते चौऱ्याहत्तरच्या अखेरीस. जमादार त्याआधीच निवृत्त होऊन भिंगारला गेले होते. उद्घाटनाला त्यांना कार्ड गेले होते. आले नाहीत. पुढे दोन वर्षांनी ते वारल्याचे कळले. अजूनही माझ्याकडे कोणी अर्जाबद्दल विचारायला आले, की मी त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगतो. लगेच सांगत नाही.

त्या आगीपोटी पालिकेने शेवटी काय दिले, ते लिहून थांबतो. राखणदार ठेकेदाराचा माणूस, पालिकेचा नोकर नव्हे. त्यामुळे भरपाई बसत नव्हती. सानुग्रह म्हणून पाचशे रुपये मंजूर झाले. आगीनंतर सहाव्या आठवड्यात त्याची बायको ते घ्यायला आली. ओळख पटवायला माणूस लागतो, म्हणून जमादार तिला घेऊन आले होते. हातांना पट्ट्या होत्या. सबंध वेळ ते फरशीकडे बघत उभे होते. मी पैसे मोजून तिच्यापुढे ठेवले, तर ती पैशांकडे न बघता त्यांना म्हणाली, "चाचा, तुमी बंब सोडून पळत आल्ता. म्या पायलं. तवर दुसरं कुनी बी आलं न्हवतं."

जमादार सही करायला पुढे झाले. पट्टीमुळे त्यांना सही करता येईना, तेव्हा बाहेर राहिलेला उजवा अंगठा मी शाईच्या पॅडवर धरला. व्हाउचर असे आहे: रुपये पाचशे रोख. घेणार, मयताची बायको, अंगठा. ओळखणार, बंबाचे जमादार, अंगठा. देणार म्हणून सही माझी.