डेपोचा कायम जखमी

आमच्या बस डेपोत पासाच्या खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाला सगळे ‘जखमी’ म्हणत. तोंडावरच म्हणत आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट ‘ओ’ देताना तो जरा ताठ बसे.

हे नाव पडलं पहिल्या आपत्कालीन सरावाच्या दिवशी. वरून हुकूम आला होता की प्रत्येक डेपोने वर्षातून एकदा खोटा अपघात घडवायचा आणि त्यातून खरीखुरी सुटका करून दाखवायची. अपघात घडवायला सगळे तयार होते, पण त्यात सापडायला कुणी राजी नव्हतं. ड्रायव्हर म्हणाले, आम्ही पडलेले दिसलो तर उद्या गाडीत कोण बसेल? कंडक्टरने इस्त्रीच्या गणवेशाकडे बोट दाखवलं. पासाच्या खिडकीवर मात्र सर्व्हर बंद पडल्यामुळे कारकून रिकामा बसला होता.

“तुम्ही पडा,” साहेब म्हणाले.

तो पडला. डेपोच्या पेंटरने शिक्क्याची लाल शाई त्याच्या कपाळावर ओतली. मग दोघातिघांनी धावत येऊन त्याच्यावर वाकून विचारलं, “कुठं दुखतंय?” वीस वर्षांच्या नोकरीत त्याला लोकांनी “किती वेळ?” आणि “सुटे नाहीत का?” एवढंच विचारलं होतं. त्याला एकदम भरून आलं, आणि जे कण्हणं बाहेर पडलं ते ऐकून साहेबसुद्धा खुर्चीतून उठले.

त्यानंतर त्याने या कामात जीव ओतला. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लोक कसे कण्हतात ते ऐकून यायचा. हाड मोडल्याचं कण्हणं वेगळं आणि भाजल्याचं वेगळं, असं पेंटरला समजावून सांगायचा. घरी न्हाणीघरात सराव चाले. बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, “अहो, खरंच काही झालंय की तुमचा सराव चाललाय, एवढं आधी सांगत जा! दर वेळी गॅस बंद करून पळत यायला लागतं.” तिने लाल डाग न जाणारा एक शर्ट कपाटात वेगळा ठेवला होता. त्याला घरात ‘पडायचा शर्ट’ म्हणत. पुढे शेजारच्या डेपोंतूनही त्याला बोलावणी येऊ लागली, तसा तो थोडा भावही खाऊ लागला. स्ट्रेचर तिरकं धरलं तर डोळे मिटलेल्या अवस्थेतच हमालाला झापायचा.

मग एका वर्षी मूल्यांकन आलं. मुख्य कार्यालयातल्या तपासनीस बाई हातात टॅब घेऊन डेपोची सुरक्षा आणि सज्जता तपासायला येणार, गुण देणार आणि पहिल्या येणाऱ्या डेपोला ढाल मिळणार. साहेबांनी जुने अहवाल काढले आणि कपाळाला हात लावला. दर वर्षी आपल्याकडे एक जखमी! बाकीचे डेपो शून्य दाखवतात!

त्यांनी जखमीला केबिनमध्ये बोलावलं. “यंदा आपल्याकडे कुणी जखमी होणार नाही.”

“मग मी काय करू, साहेब?”

“तुम्ही सुखरूप.”

“सुखरूप म्हणजे नेमकं काय करायचं?”

“काही नाही. चालत बाहेर जायचं.”

जखमीचा चेहरा उतरला. चालत बाहेर तर तो रोजच जात होता.

तपासणी झकास झाली. फाटकावर बॅगा तपासायचं यंत्र होतं, धूळ बसू नये म्हणून कारखान्यातून आलेल्या प्लास्टिकसकट ठेवलेलं. बाईंनी ‘यंत्र आहे’ यावर खूण केली. ते चालतं का, असा रकानाच नव्हता. कॅमेरेही होते. त्यातले बरेचसे साहेबांच्या गाडीकडे तोंड करून होते, कारण तिच्यावर कुणीतरी ओरखडा काढला होता. आग विझवायची नळकांडी चोरीला जातात म्हणून भांडारात कुलपात होती. भोंग्याचं बटण केबिनमध्ये, साहेबांच्या खुर्चीमागे. सरावात तर लोक इतके तयारीचे निघाले की भोंगा वाजायच्या आधीच मैदानात रांगेत उभे होते. जखमी शून्य, ढाल आपली.

“सुखरूप काय, कुणीही होतं,” जखमी त्या दिवशी घरी जेवताना म्हणाला. बायकोने त्याला आणखी एक पोळी वाढली.

काही आठवड्यांनी भर दुपारी प्रतीक्षागृहातल्या विजेच्या बोर्डामागून धूर येऊ लागला. एकाच सॉकेटमध्ये मोबाइल चार्ज करणाऱ्यांनी वायरींचं घरटं केलं होतं. हॉल भरलेला होता. लोकांनी धुराकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघातिघांनी चित्रण सुरू केलं.

रखवालदार म्हणाला, “सराव असेल.”

“अरे, मग भोंगा वाजव!” जखमी खिडकीतून ओरडला.

“साहेबांच्या केबिनला कुलूप आहे. साहेब मीटिंगला गेलेत.”

“कसली मीटिंग?”

“सुरक्षेची.”

जखमी बाहेर आला आणि हात हलवत ओरडू लागला, “आग लागलीय! बाहेर पडा!” बाकावरची एक रोजची प्रवासी बाई शेजारणीला कौतुकाने म्हणाली, “हे फार छान करतात. गेल्या वर्षी तर मला रडू आलं होतं.” जागा जाईल म्हणून कुणी बाक सोडेना. वर छताच्या फळ्यांमध्ये तडतड सुरू झाली होती.

त्याला काय सुचलं ते त्यालाच माहीत. तो बाकावर चढला आणि तिथून त्याने स्वतःला खाली झोकून दिलं. पाठोपाठ अशी किंकाळी मारली की तशी त्याने कुठल्याच सरावात मारली नव्हती. ती ऐकताच सवयीने सगळं हललं. पेंटर आणि हमाल स्ट्रेचर घेऊन धावले, रखवालदाराने मोठं फाटक सताड उघडलं, आणि स्ट्रेचर मैदानाकडे निघालं तशी पुढचा खेळ बघायला अख्खा हॉल मागोमाग निघाला.

“शाई लावायची राहिली!” पेंटर धापा टाकत म्हणाला.

“शाई घाल चुलीत! मेन स्विच बंद करा! आणि हात धरू नकोस, मोडलाय!”

“वा!” पेंटर म्हणाला. मग त्याने हात नीट पाहिला आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

शेवटचे लोक बाहेर आले आणि हॉलचं अर्धं छत खाली बसलं. रिकाम्या बाकांवर.

संध्याकाळी साहेब दवाखान्यात आले. सफरचंदं आणली होती.

“तुमच्यामुळे वाचलो आपण,” ते म्हणाले. “पण एक अडचण आहे. ढाल घेताना आपण शून्य जखमी म्हटलंय. तर तुम्ही... घरी पडलात, असं लिहिलं तर?”

जखमीने बायकोकडे पाहिलं. ती पदर खोचून उभी राहिली. “घरी? आमच्या घरात धड पडायलाही जागा नाही, साहेब. ते डेपोत पडलेत. सगळ्या गावाने पाहिलंय.”

“होय साहेब,” जखमी म्हणाला. “मी खरा जखमी आहे. खोडायचं नाही.”

साहेब सफरचंदं ठेवून गेले. अहवालात शेवटी ‘जखमी : एक’ आलं आणि ढाल पुढच्या महिन्यात दुसऱ्या डेपोत गेली. साहेब त्याच्याशी बरेच दिवस फक्त नाकाने बोलत होते. तो मात्र प्लास्टर घातलेला हात घेऊन रोज केबिनच्या दारात उभा राहायचा आणि एकच मागायचा, भोंग्याचं बटण बाहेर आणा. त्याला टाळून टाळून साहेब कंटाळले आणि एका सकाळी बटण पासाच्या खिडकीशेजारी, सगळ्यांच्या हाताला येईल असं बसलं.

आता रांगेतलं रोज कुणीतरी विचारतं, “ही घंटा कारकुनाला उठवायची का हो?” तो डाव्या हाताने पासावर शिक्का मारतो, चष्मा वर करतो आणि बटण कधी दाबायचं, दाबल्यावर कुठल्या दाराने जायचं, हे पहिल्यापासून सांगायला घेतो. मागची रांग वैतागते. तो थांबत नाही.