शिडीची साक्ष

आमच्या सौंसरच्या भागात जुने लोक अजून संत्र्याच्या बगीच्याचा, म्हणजे झाडावरच्या फळाचा, सौदा दुपट्ट्याखाली करतात. घेणारा आणि विकणारा खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली हात धरतात, बोटं दाबून भाव सांगतात. भोवती उभ्या असलेल्यांना काही कळत नाही. मी या धंद्यात उतरले तेव्हा बाईच्या हातात हात द्यायला कोणी तयार नव्हतं. मी भाव वाढवला नाही, आवाज वाढवला. पुढे पांढुर्ण्यापर्यंतचे बगीचेवाले माझ्या अंगणात येऊन बसू लागले.

माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्ही वाकडी आहेत. ती नवऱ्यानं मोडली. मी त्याला न विचारता एक बगीचा घेतला, म्हणून त्यानं माझा हात चौकटीत धरला आणि दार लोटलं. मग पुन्हा लोटलं. "आता कर सौदा," म्हणाला. माझा मोठा भाऊ तेव्हा ओसरीवर चहा पीत बसला होता. त्यानं सगळं पाहिलं. मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात मला त्यानंच नेलं.

तिथून मी पोलीस ठाण्यात गेले. साहेब म्हणाले, "घर का मामला है बाई, घर में निपटा लो."

"नवऱ्यानं मारणं कायद्यात गुन्हा आहे का नाही, एवढंच सांगा."

"है."

"मग लिहा."

वकिलानं सांगितलं, हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. मला बरं वाटलं. जिचा भाव होत नाही अशी एक तरी गोष्ट सरकारनं करून ठेवली होती. साक्षीदाराचा भाव होतो, हे मात्र मी एवढी धंदेवाली असून माझ्या लक्षात आलं नाही.

भावाची साक्ष निघाली पौषात. त्याचा बगीचा तेव्हा ताणावर होता, म्हणजे बहर यावा म्हणून झाडांचं पाणी तोडलेलं होतं. वेळेवर पाणी सोडलं नाही तर वर्ष हातचं जातं. आणि त्याच्या बगीच्याला पाणी येतं माझ्या सासऱ्याच्या विहिरीवरून. भाऊ सकाळी जामसांवलीला हनुमानापुढं नारळ फोडून आला आणि न्यायाधीशांसमोर शपथेवर म्हणाला, "बहीण संत्रा तोडताना शिडीवरून पडली."

नवरा सुटला. कोर्टाच्या दारात मी भावाला गाठलं. "दादा, कोणती शिडी?"

"झाडं मरून राहिली होती, बाई."

"अन् मी?"

"तू तं जगूनच राहिली ना."

त्याच संध्याकाळी त्याच्या बगीच्यात पाणी सुटलं. नवरा बाजारात मला पाहिलं की मोठ्यानं म्हणायचा, "शिडी सांभाळून चढत जा." लोक हसायचे. माझं नावच शिडीवाली पडलं.

दिवाळीला भावाचा बगीचा फळांनी लगडला. तो माझा आहे, कोणी हात लावायचा नाही, असं मी एकेका व्यापाऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं. माझ्याशी वाकडं घ्यायला कोणी तयार नव्हतं. फळ पिकून गळायला लागलं तेव्हा भाऊ माझ्या अंगणात आला. तिथं जुने व्यापारी बसलेले होते. मी दुपट्टा टाकला.

"हात दे, दादा."

त्याच्या हाताला माझी वाकडी बोटं लागली. त्यानं हात ओढला. मी सोडला नाही. त्याच वाकड्या बोटांनी मी त्याला असा चढा भाव दिला, की तो माझ्या तोंडाकडे पाहतच राहिला.

"पटला?"

"पटला."

"मग आता एक गोष्ट सगळ्यांसमोर सांग. ही बोटं कशानं मोडली?"

त्यानं बसलेल्यांकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "दारात."

"कोणी मोडली?"

"जवायानं."

"तू कुठं होता?"

"ओसरीवर."

"अन् शिडी?"

"नव्हती."

मी हात सोडला, दुपट्टा झटकला. "ह्या संत्र्याले माह्या सासऱ्याचं पाणी आहे. मी नाही घेत."

भाऊ तिथंच बसून राहिला. सगळ्यात म्हातारा व्यापारी म्हणाला, "दुपट्ट्याखाली पटलेला सौदा मोडत नाही, बाई. आपल्याकडं कोणी मोडला नाही."

"शपथेवर सांगितलेलं मोडते का, काका? मोडत असंन तं याले घेऊन कोर्टात जा. मग मी बगीचा घेईन."

कोणी उठलं नाही. मला तेच पाहायचं होतं. भावाची संत्री झाडाखाली सडली. बांधावरून जाणाऱ्याला नाक दाबावं लागत होतं, आणि मी मुद्दाम त्याच बांधावरून जात होते.

त्या दिवसापासून तो म्हातारा माझ्या हातात हात देत नाही. म्हणतो, या बाईच्या शब्दाला किंमत नाही. नवरा सुटून आला त्याच आठवड्यात याच म्हाताऱ्यानं दुपट्ट्याखाली त्याचा हात धरून त्याचा बगीचा घेतला होता. त्या हातात त्याला काही वाकडं लागलं नाही.