बड्या दिवसाच्या तलवारी

ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झालं आणि आमच्या आबांची पलटण मोडली. पन्नाशीला टेकलेला शिपाईगडी, कवायतीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. पलटणीला कवायत शिकवलेल्या एका गोऱ्या साहेबाची म्हातारी विधवा इंदरगंजापलीकडे जुन्या बंगल्यात राहायची. तिनं त्यांना चौकीदार ठेवलं. मी तेव्हा नुकताच बी.ए. झालो होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी, हे आजही ताठ मानेनं सांगतो.

त्या नाताळाला मेमसाहेबांनी हट्टच धरला. साहेब ग्वाल्हेरला आले त्या वर्षी बंगला जसा सजला होता, हुबेहूब तसा सजवायचा. विजेचे दिवे काढा, काचेच्या हंड्यांत मेणबत्त्या लावा, दारांना लाल बनातीचे पडदे, नाताळचं झाड म्हणून कुंडीत झाऊची मोठी फांदी. आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर साहेबांना दरबारातून मिळालेल्या दोन तलवारी, एकीवर एक तिरक्या. आबांनी त्या दोन दिवस घासल्या. पलटण गेली, पण ही एक भिंत तरी त्यांच्या हाती होती.

नाताळच्या आदल्या सकाळी ठाण्यातून पोलीस हवालदार आला, शस्त्रं जमा करण्याचा हुकूम घेऊन. मी आबांच्या मदतीला आलो होतो; कागद त्यानं माझ्याकडे दिला. मी तो खड्या आवाजात वाचला, जरा मिरवतच.

"आबा, लेखी आहे. द्याव्या लागतील."

"परवा देतो म्हणावं. बडा दिन होऊन जाऊ दे."

"बुड्ढे, अब कौन-सी पलटन का है तू?" म्हणत हवालदारानं शिडीवर चढून एक तलवार ओढली. म्यान खिळ्याला अडकून राहिलं आणि नागवं पातं त्याच्या हातात आलं. तो गडबडून खाली उतरला.

आबा पुढे झाले. "उघडी पडली ती. रक्त दिल्याशिवाय आत घालायची नसते. इकडे द्या."

त्यांनी पात्याकडे हात नेला. मी मागून त्यांचे दोन्ही दंड आवळले. हवालदाराची काठी आधी आबांच्या कपाळावर बसली, मग जबड्यावर, मग पुन्हा जबड्यावर. एक दात फरशीवर पडला. तरी मी सोडलं नाही. बापाला फासावरून वाचवतोय असं मला वाटत होतं. दर दसऱ्याला ते घरच्या तलवारीच्या टोकाला स्वतःचा अंगठा टोचत, थेंबभर रक्त देत आणि मगच ती म्यानात घालत. लहानपणापासून पाहत आलो होतो. ऐन वेळी आठवलं नाही.

मेमसाहेब मध्ये येऊन उभ्या राहिल्या तेव्हा काठी थांबली. आबांनी कपाळावरचं रक्त बोटावर घेतलं, पात्याला लावलं.

"झालं. आता घाला आत."

हवालदारानं खिळ्यावरचं म्यान काढून ती आत घातली आणि दोन्ही तलवारी घेऊन गेला.

"रहने दो अब सजावट," मेमसाहेब म्हणाल्या. आबा तोंडातलं रक्त थुंकून आले.

"शिडी धर," मला म्हणाले. "माणूस धरता येतो तुला, शिडीही येईल."

वर चढून त्यांनी भिंतीतले खिळे उपटले, माझ्या हातात दिले आणि हंड्या पुसायला निघून गेले.